गाडी डावीकडे ओढते

रविवार, ४ ऑक्टोबर १९७०. खंडाळा

वर्ष सरत आलं असताना डायरी भेट देणारा माणूस जगात एकच, आमचे केकीशेट. टायरवाल्यांनी फुकट दिलेली, पहिले नऊ महिने कोरेच्या कोरे. म्हणाले, "सीताराम, सीझनचा सगळा लिहून ठेव. फायनल पास ना तू?" आहे. सातवी होऊन जमाना झाला, पण अक्षर अजून वळणदार आहे. शेटची सही त्यापुढे कोंबडी चालून गेल्यासारखी दिसते.

सीझन कसला ते आधी लिहितो. शेटच्या मोटर क्लबाने मुंबईत दहा गाड्या बांधून घेतल्या आहेत. दोघांच्या, बिनटपाच्या, लाल, इतक्या बसक्या की आत शिरताना गुडघे कानाशी येतात. नाव ठेवलंय शिक्रा. दहाही गाड्या एकाच साच्यातल्या, इंजिनाला क्लबाचं शिशाचं सील, कुणी आत बोट घालायचं नाही. होळीपर्यंत सहा शर्यती. चार माळावरच्या युद्धाच्या वेळच्या धावपट्टीवर, दोन कुरवंड्याच्या चढावर. आणि गंमत अशी की दर शर्यतीला चिठ्ठ्या टाकून गाड्या वाटायच्या, म्हणजे हरणाऱ्याने गाडीच्या नावाने रडायला नको. शेटच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्यांच्या नावावर मी चालवायची. बाकीचे नऊ जण साहेबलोक. एक तर खुद्द शेटचा भाचा, जालशेट.

मग शेटनी खरी गोष्ट सांगितली. बंगला विकला. पाडव्याला ताबा द्यायचा. म्हणजे गॅरेजमागच्या आमच्या दोन खोल्याही गेल्या. तेच पुढे म्हणाले, "सहाही शर्यतीचा हिशेब करून पहिल्या तिघांत ये. चिंचवडकडे मोटारीचा कारखाना हाय, तिथला मॅनेजर माझा दोस्त. नवीन गाडी रस्त्यावर चालवून बघायचा काम. वर क्वार्टर. मी बोलतो त्याला."

वीस वर्षं घाटात गाडी चालवली, बंपरला कधी ओरखडा नाही. साहेबलोक सुट्टीपुरते ड्रायव्हर. शालनला म्हटलं, चिंचवडला नळाचं पाणी असतं. ती म्हणाली, "आदी शर्यत तर हुंद्या." आईला ऐकू कमी येतं, तिला ओरडून सांगितलं. तिला वाटलं मी शेटबरोबर शिकारीला चाललोय.

रविवार, १८ ऑक्टोबर

आठवा आलो. दहात आठवा.

चार नंबरची गाडी आली होती. झेंडा पडला आणि मी बाणासारखा सुटलो, पहिल्या पिंपाशी दुसरा होतो. (वळणावळणाला डांबराची रिकामी पिंपं मांडली आहेत, त्यांना वळसा घालायचा.) तेवढ्यात मागून दोन हॉर्न. आरशात बघतो तर जालशेट. घाटात त्यांना गाडी मीच शिकवली. हॉर्न कसा द्यायचा तेही मीच. एक लांब नाही द्यायचा, पुढच्याचं डोकं फिरतं. दोन आखूड द्यायचे, पुढचा आपण होऊन बाजू देतो. पोरगं विसरलं नाही, बरं वाटलं. आणि नेमकी त्याच वेळेला गाडी डावीकडे ओढली. मला सावरायला मिळेपर्यंत जालशेट उजवीकडून निघून गेले. मग क्लबातले मेजरसाहेब आले, त्यांनी हॉर्न दिला आणि गाडीने पुन्हा तोच खोडसाळपणा केला. असं शेवटपर्यंत.

क्लबाचा फिटर सोपान, तोंडात सदा पान. त्याला म्हटलं, चार नंबर डावीकडे ओढते, चाकं बघ. त्याने गाडी सपाटीला घेऊन स्टेअरिंग सोडून दिलं. गाडी रेघ मारल्यासारखी सरळ गेली. म्हणाला, "भाऊ, तुमच्यावर रुसली असंल." सगळे हसले, मीही हसलो. जोरात गेल्यावर ओढते, हळू नाही ओढत, एवढं त्या पानवाल्याला कळू नये!

सोमवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आली. शेटना आणायला लोणावळा स्टेशनवर गेलो होतो, गाडीला वेळ होता म्हणून बाजारामागच्या आळीत खोली बघायला गेलो. हातात असलेली बरी, असं शालनचं म्हणणं. घरमालक मोठा गोड माणूस. खोली दाखवली, मोरी दाखवली, चहा घ्या म्हणाला. मग आडनाव विचारलं. ओव्हाळ म्हटलं. "उंबऱ्याचे का?" व्हय म्हटलं, गाव तेच. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, मेहुणा यायचाय तो राहील बहुतेक. चहाही मग आलाच नाही.

शालनला सांगितलं की खोलीला ओल होती.

रविवार, १५ नोव्हेंबर

पहिला! पहिला! पहिला!

कुरवंड्याचा चढ. इथे सगळ्यांनी एकदम सुटायचं नसतं. एक गाडी वर पोचली की खालून दुसरी सोडायची, आणि घड्याळ लावून कोण लवकर पोचतं ते बघायचं. मला नऊ नंबर आली होती. काय गाडी! सबंध रस्त्यात एकदाही डावीकडे ओढली नाही. वळणं मला पाठ आहेत, कुठे खडी सुटलीय, कुठल्या वळणाला बाहेरून आत यायचं. वर नागफणीचा सुळका समोर दिसला तेव्हा मला वाटलं, गाडी थांबूच नये.

वरती सारजाबाई नावाची एक म्हातारी मोळी उतरवून बसली होती. म्हणाली, "येकलाच का रं पळतोस? कुनी मागं लागलंय व्हय?" मी म्हटलं, "मावशी, कुनी न्हाई लागलं, म्हनून तर पळतोय." तिने कपाळाला हात लावला.

शेटनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. जालशेट सातवे आले. शेट त्यांना म्हणाले, "डिकरा, घाटात सीतारामच्या नादाला लागू नको." घरी आईने मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. असलं काही आता करत नाही आपण, असं शालन म्हणाली, पण हसत होती.

रविवार, १३ डिसेंबर

पुन्हा धावपट्टी, पुन्हा आठवा. सात नंबरची गाडी माझ्या नशिबी. आडमुठ्या बैलासारखी डावीकडे ओढत होती. चौथ्या जागेवर होतो, तिथून एकेक करत चौघं पुढे गेले. पुढे मोकळं रान असलं की सात नंबर छान पळायची. मागून कुणी आलं की हिचं अंग मोडायचं. असला दोष मी जन्मात पाहिला नाही. मेजरसाहेब दोन नंबरच्या गाडीत पहिले आले. दोन नंबर चांगली आहे, तिच्यावर डोळा ठेवला पाहिजे.

बंगल्यातली स्वयंपाकीण अंबूबाई आणि शालन, दोघी शेटबरोबर बघायला आल्या होत्या. घरी आल्यावर शालन म्हणाली, "अवो, तुमी हात कशापाई भाईर काडत व्हता?"

"कुटला हात?"

"उजवा. मागनं गाडी आली की भाईर काडून हलवत व्हता. या या म्हनल्यागत."

मी म्हटलं, वाऱ्याला धरला असेल. तिने विचारलं, धा जनांत तुमालाच गरम होत व्हतं व्हय? दोन पैशांची अक्कल नाही आणि शर्यतीत बोलते. मी जेवलो नाही.

सोमवार, १४ डिसेंबर

सकाळी आईने विचारलं, काय झालं. शालनने तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं की मागून साहेबाची गाडी आली की हे बाजूला होतात. आईला ते चटकन पटलं. म्हणाली, "मग चांगलंच केलं की. तुजा बाप कसा व्हता? उंबऱ्यात पाटलाची गाडी येताना दिसली की बैलं खाली वढ्यात घालायचा. येकदा मी पोटुशी व्हते तरी उतरवली मला चिखलात. पर कुनाची शिवी म्हनून खाल्ली न्हाई त्यानं."

शालन भांडं आपटून बाहेरच्या खोलीत गेली. बाबासाहेबांच्या फोटोवरची धूळ पदराने पुसत बराच वेळ तिथेच उभी राहिली. बायकांचं काय बिनसतं ते कळत नाही. आई काही वाईट बोलली नव्हती.

रविवार, १० जानेवारी १९७१

वर्ष संपलं, आता डायरीच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर लिहितो. कुरवंडा. पुन्हा पहिला. तीन नंबरची गाडी, सरळ सुतासारखी. दोन चढ जिंकल्याने एकूण हिशेबात चौथा आहे. तिसरे जालशेट. आनंद व्हायला हवा, पण आज बंगल्यात नवे मालक टेप घेऊन फिरत होते. आमच्या खोल्यांच्या दारात उभं राहून म्हणाले, हे पाडून टाकू, इथे कुत्र्यांसाठी छान जागा होईल. आई दारातच बसलेली. तिला ऐकू येत नाही ते किती बरं, असं पहिल्यांदाच वाटलं.

रविवार, ७ फेब्रुवारी

आता लिहायला काही उरलं नाही, तरी लिहितो.

चिठ्ठीत मला दोन नंबर आली. दोन नंबर! मेजरसाहेब जिच्यात जिंकले तीच. आणि माझी ती सात नंबर, ती गेली मेजरसाहेबांना. मला त्यांची दया आली. जाऊन सांगितलंसुद्धा, साहेब, जपा, ही डावीकडे ओढते. ते थँक्यू म्हणाले.

मेजरसाहेब सात नंबरमध्ये पहिले आले. मी दोन नंबरमध्ये आठवा.

दोन नंबरही डावीकडे ओढत होती. चारही ओढते, सातही ओढते, दोनही ओढते. माळावर आली की दहाच्या दहा गाड्या माझ्याच हाताखाली ओढतात, आणि मी उतरलो की दुसऱ्याच्या हाताखाली सुतासारख्या जातात. शर्यत संपल्यावर मी गाडीतच बसून राहिलो. सोपान आला, या वेळेला थट्टा केली नाही त्याने. दरवाजा उघडून धरला फक्त. त्याची थट्टा परवडली असती.

शेट म्हणाले, "सीताराम, तू घाटात राजा, खाली आला की भाजीवाला." सगळ्यांबरोबर मीही हसलो. माझं तोंड असं वेळेवर हसतं, त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

मंगळवार, ९ फेब्रुवारी

शालनने आज तोंडावर सांगितलं. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"गाडी वढत न्हाई. तुमी वढता. साहेब मागं आला की तुमी गाडी डाव्या अंगाला घेता आन हात काडून त्याला म्होरं घालता. मी तीनदा बगितलं. शेटबी बगत्यात, सोपानबी बगतोय, समद्यांला दिसतंय. तुमालाच दिसत न्हाई."

मी म्हटलं, वीस वर्षं लायसन आहे माझ्याकडे.

"त्यातच तर समदं झालं," ती म्हणाली. "वीस वर्सं तुमी बाजू देताय. घाटात द्यावी लागती, ती रीत हाय. पर तितं कुनी मागितली व्हती? शर्यतीच्या कागदात काय लिवलंय, तुमीच वाचून दावलं न्हवं का? म्होरच्यानं आपली वाट सोडायची न्हाई म्हनून."

लिहिलं आहे खरं. पुढच्याने बाजू देण्याचं बंधन नाही.

मी तिला नको ते बोललो. इथे लिहीत नाही. तिने भाकरी उलटली, शेकली, माझ्या ताटात वाढली आणि आत गेली. वीस वर्षांत माझ्या ड्रायव्हिंगला कुणी नाव ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं ते घरच्या माणसाने.

शनिवार, २० फेब्रुवारी

शालनशी बोलणं बंद. मीच बंद केलंय, आणि मीच वाट बघतोय तिने सुरू करण्याची.

लोणावळ्याच्या टॅक्सी स्टँडवर विचारलं. जागा नाही. खंडाळ्याच्या दोन हॉटेलांत विचारलं. एकाने वय विचारलं, दुसऱ्याने तेही नाही. एसटीत चाळिशी उलटलेला नवा ड्रायव्हर घेत नाहीत. उंबऱ्याला चुलतभाऊ हनुमंत आहे, त्याच्या पडवीत शेळ्या असतात. शेळ्या काढल्या तर आम्ही तिघं मावू. आईचा दमा तिथे किती टिकेल ते मनाशीसुद्धा बोलवत नाही.

दिवस उगवतो तेव्हा वाटतं कशाला उगवला. असं लिहू नये, पण खोटं लिहून तरी कुणाला दाखवायचंय?

गुरुवार, ११ मार्च

निवडणूक आली, गेली. महिनाभर रस्त्याने भोंगे लावलेल्या जीपगाड्या फिरत होत्या, म्हणून शेवटची शर्यत आठवडाभर पुढे ढकलली. येत्या रविवारी आहे.

हिशेब साधा आहे. जालशेट तिसरे, मी चौथा. रविवारी जालशेटच्या पुढे राहिलो तर तिसरा मी. बाकी कोण कुठे येतं त्याच्याशी मला कर्तव्य नाही.

आज शालनला म्हटलं, "रविवारी येशील?" पहिला शब्द महिनाभरातला. ती म्हणाली, "येते की." एवढंच. मग मी बाहेर जाऊन उगाच शेटची गाडी पुन्हा धुतली.

रविवार, १४ मार्च

दोन्ही दंड इतके भरून आलेत की पेन धरवत नाही. पण आज लिहायचंच.

पाच नंबर आली. सोपानला म्हटलं, आरसा काढून टाक. म्हणाला, का? म्हटलं, हलतो, डोळ्यांना त्रास होतो. त्याने माझ्याकडे बघितलं, पानाची पिंक टाकली आणि दोन स्क्रू काढून आरसा माझ्या हातात दिला. तो मी शालनकडे दिला. तिने पदराखाली घेतला.

सुटलो तेव्हा पाचवा होतो. दोघं पिंपाशी एकमेकांवर घासले, मी तिसरा झालो. तिथून पुढे नुसता रस्ता आणि वारा. मागे कोण आहे ठाऊक नाही. किती फेऱ्या झाल्या तेही ध्यानात राहिलं नाही, सोपान पाटी दाखवत होता त्यावरून कळत होतं.

शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या तेव्हा ते आले. दोन आखूड हॉर्न.

आरसा नव्हता तरी मला जालशेटचा चेहरा दिसला. लहानपणचा, घाटात माझ्या मांडीवर बसून स्टेअरिंग धरायचे तेव्हाचा. आणि गाडी डावीकडे ओढू लागली. देवाशपथ सांगतो, कुठल्याही गाडीने इतकी ओढ घेतली नव्हती. उजवा हात आपोआप उठायला लागला. मी तो खाली दाबला, स्टेअरिंगला चिकटवला. पुन्हा दोन हॉर्न. पुन्हा दोन. मग एक लांबलचक, मी कधीच न शिकवलेला. मी ओरडत होतो. काय ओरडत होतो आठवत नाही. दात इतके आवळले होते की ओरडलो कसा तेही कळत नाही. सबंध फेरीभर मी त्या गाडीशी झोंबत होतो, आणि ती आपली रेघ सोडून वीतभरसुद्धा हलली नाही.

शेवटच्या पिंपाशी जालशेटनी बाहेरून घुसायला बघितलं. तिथे जागा नव्हती. ते पट्टी सोडून गवतात गेले, गरागरा फिरले आणि थांबले. खरचटलंही नाही, फक्त डोक्यापासून पायापर्यंत धूळ. मी तिसरा आलो. एकूण हिशेबातही तिसरा.

शालन बांधावरून धावत आली, चारचौघांत माझा हात धरला. असं ती कधी करत नाही. म्हणाली, "दिली न्हाई! तुमी बाजू दिली न्हाई!" रडत होती. मला वाटतं मीही.

सोपानने चाकं बघितली, मीच बघायला लावली. सरळ आहेत म्हणाला. असोत.

कप द्यायच्या वेळी शेट जवळ आले. मला वाटलं पाठ थोपटतील. माझ्याकडे बघत राहिले, मोतीबिंदूने बघतात तसं, डोकं जरा तिरपं करून. म्हणाले, "सीताराम, जालला साईड नाही दिला तू?"

मी म्हटलं, "शेट, शर्यत होती ना."

"हां, हां," शेट म्हणाले. "शर्यत होती." आणि जालशेटच्या अंगावरची धूळ झटकायला गेले.

बुधवार, १७ मार्च

शेट अजून बंगल्यातच आहेत. बोलत नाहीत. फर्निचर ट्रकमध्ये चढतंय, त्याच्या गडबडीत असतील. मी दोनदा समोर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा म्हणाले, सोमवारी कारखान्यात जाऊन मॅनेजरना भेट, मी बोललोय. बोललोय म्हणाले. मला हेच ऐकायचं होतं.

शालनने माझा पांढरा सदरा नीळ घालून धुतला. आईला रोज नव्याने शर्यत सांगते, हातवारे करून. आईच्या डोक्यात काय शिरतं कोण जाणे, पण ती ऐकत बसते.

सोमवार, २२ मार्च

कारखान्याच्या फाटकावर बराच वेळ बसवलं. मग आत बोलावलं. मॅनेजर भला माणूस आहे, माझ्यावर राग नव्हता त्याचा, खुर्चीवर बसा म्हणाला. मी उभाच राहिलो. माझे कागद बघितले, लायसन बघितलं. मग चष्मा काढून म्हणाला, "ओव्हाळ, खरं सांगू का? ऑक्टोबरात केकीशेटनी तुमचं फार कौतुक केलं होतं. असा माणूस मिळायचा नाही म्हणाले. मी जागा धरून ठेवली होती. पण गेल्या सोमवारी पुन्हा त्यांचा फोन आला. म्हणाले, घेऊ नका. माणूस बिघडला, आता ऐकत नाही."

गेला सोमवार म्हणजे शर्यतीनंतरचा दिवस. बुधवारी मला पाठवलं तेव्हा शेटना हे ठाऊक होतं. बोललोय म्हणाले ते खोटं नव्हतंच.

मी मॅनेजरना म्हटलं, साहेब, वीस वर्षं मी त्यांचं ऐकलं. मॅनेजर म्हणाले, असेल. मी म्हटलं, फक्त एकदा नाही ऐकलं. मग मी नमस्कार केला आणि सवयीने हसलो.

परतीच्या रेल्वेगाडीत खिडकीशी बसून तळेगाव, वडगाव, कामशेत जाताना बघत होतो. एकच विचार डोक्यात. शालनला काय सांगायचं? खरं सांगितलं तर ती म्हणेल, माझ्यामुळे. तिने बोलायचं काढलं नसतं तर मी आठवा आलो असतो, शेट हसले असते आणि कदाचित दया येऊन तरी बोलले असते मॅनेजरशी. तिच्या आयुष्यात मी तिला अभिमान वाटावा असं एक काम केलं, आणि त्याच कामाने तिचं घर गेलं. हे तिला कळता कामा नये. मेलो तरी मी सांगणार नाही.

घरी आलो तर अंबूबाई आमच्याकडे बसलेली. ती दिवसभर बंगल्याच्या स्वयंपाकघरात असते, शेटचा टेलिफोन आहे त्या भिंतीपलीकडे, इकडे सहसा येत नाही. तिचे डोळे लाल. मला बघून पदर सावरून निघून गेली, आली होती कशाला तेही बोलली नाही. बंगला सुटतोय, तिलाही वाईट वाटत असणार. शालनने अंथरुणं गुंडाळून बांधली होती आणि दुपारच्या एसटीने कंडक्टरच्या हाती हनुमंतला निरोपही धाडला होता, पडवी मोकळी कर म्हणून. मी विचारलं, एवढ्यात कशाला? क्वार्टर मिळाली असती तर? म्हणाली, "असावं आपलं हाताशी." लांबचा विचार करते ती.

मी म्हटलं, "जागा भरली होती. आठ दिवसांमागंच."

"असू द्या," शालन म्हणाली. कशी भरली, कुणी भरली, काही विचारलं नाही. मला हायसं वाटलं. चुलीवर चहा ठेवला आणि आईजवळ जाऊन बसली, आणि पुन्हा तिला शर्यत सांगायला लागली, नेहमीपेक्षा मोठ्याने. जालशेट कसे हॉर्न देत होते, मी कसा हललो नाही, ते कसे गवतात गेले. आज आईने नीट ऐकलं असावं, कारण मध्येच तिने विचारलं, "मग शेटला राग न्हाई आला?"

"न्हाई वो," शालन लगेच म्हणाली. "राग कशापाई? शेट लय खूश झालं. व्हय की न्हाई वो?"

मी व्हय म्हणालो.